नेमून दिलेले पान

बायबल रोज वाचावे की नाही, यावर ख्रिस्ती मंडळीत वाद होत नाही. पाळक उपदेशपीठावरून तेच सांगतात, घरातली वडीलधारी माणसे तेच सांगतात, आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत एखादा भाग वाचल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, असा रिवाज अजून पुष्कळ घरांत टिकून आहे. वाद व्हायला हवा तो पुढच्या प्रश्नावर, आणि तो मात्र कोणी उकरून काढत नाही. रोज वाचायचे ते काय, आणि ते ठरवायचे कोणी? या पुस्तकात वर्षभराच्या शास्त्रवाचनावरची चिंतने एकत्र केली आहेत. ती वाचायला घेण्याआधी हा एक प्रश्न वाचकाशी मोकळेपणाने बोलून घ्यावा, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवतो आहे. माझे म्हणणे असे: रोजचा भाग वाचणाऱ्याने स्वतः निवडू नये. तो आधी नेमलेला असावा आणि क्रमाने यावा. आवडता आला तरी वाचावा, नावडता आला तरी वाचावा, कळला नाही तरी वाचावा. ज्या श्रद्धेला फक्त तिच्या आवडीच्या ओव्या खायला मिळतात तिची वाढ खुंटते. ती स्वतःचाच आवाज ऐकत राहते आणि त्याला देवाचा आवाज म्हणते.

आज आपल्या बहुतेकांचे वाचन कसे चालते ते पाहू. 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की मंडळीत वर्षाचे अभिवचन वाटतात. ताटात पालथ्या घातलेल्या कार्डांतले एक उचलायचे, वाचायचे, आणि घरी नेऊन आरशाच्या कडेला किंवा देवघराच्या जागी असलेल्या फळीवर लावायचे. भिंतीवरच्या ख्रिस्ती दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेखाली एक ओवी असते. सकाळी सहाच्या आत मोबाइलवर फुलांच्या चित्रावर छापलेले एक वचन येते आणि ते पुढच्या दहा जणांना जाते. यातल्या कशालाही मी नावे ठेवत नाही. इचलकरंजीत रात्रपाळी संपवून सकाळी घरी येणाऱ्या यंत्रमाग कामगाराला किंवा पहाटे उसाच्या फडात उतरणाऱ्या बाईला तीन अध्याय वाचायची सवड कुठून मिळणार? एक ओवी मिळाली तरी ती दिवसभर पुरते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. अडचण ओवी लहान असण्यात नाही. अडचण अशी की या सगळ्या ओव्या एकाच जातीच्या असतात. त्यांत रक्षण असते, आशीर्वाद असतो, भरभराट असते. मजुराची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनवानाला याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जे सुनावले आहे, ते कोणत्याही कार्डावर छापलेले दिसत नाही. बायबलातून निवड करणारा हात, तो छापणाऱ्याचा असो की वाचणाऱ्याचा, ठरावीक जागी जातो आणि ठरावीक जागा टाळतो.

याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे यिर्मयाच्या 29व्या अध्यायातली 11वी ओवी. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याचे आहेत, अशा आशयाची ती ओवी. अभिवचनांच्या कार्डांत ती हमखास असते. परीक्षेला बसलेल्या मुलांना, नोकरीच्या शोधातल्या तरुणांना, लग्न ठरलेल्यांना ती दिली जाते. आता तो अध्याय सुरुवातीपासून वाचू. ते एक पत्र आहे. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेहून धरून बाबेलास नेलेल्या लोकांना यिर्मया लिहितो आहे. त्यांना लवकर परतायचे आहे आणि तुम्ही लवकरच परताल असे सांगणारे संदेष्टे त्यांना हवे तेवढे मिळत आहेत. त्याच्या आधीचा, 28वा अध्याय याच कटकटीचा आहे. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमक्ष सांगितले की दोन वर्षांत सगळे परत येईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू काढून मोडून टाकले. लोकांना काय आवडले असेल हे सांगायला नको. त्यानंतर यिर्मयाचे पत्र येते, आणि त्यात दोन नव्हे तर सत्तर वर्षांचा आकडा आहे. घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या परक्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. सत्तर वर्षे भरली म्हणजे मी तुम्हाला परत आणीन. आणि मग ती 11वी ओवी. म्हणजे ज्यांच्या कानांवर ती पहिल्यांदा पडली त्यांतल्या बहुतेकांना तिची पूर्तता पाहायला मिळणार नव्हती. भविष्य आणि आशा त्यांच्या नातवंडांना होती, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला परक्या गावात घर बांधून नीट राहण्याची आज्ञा होती.

हे कळल्याने ती ओवी दुबळी होत नाही, उलट तिला बळ येते. नोकरी न मिळालेल्या तरुणाच्या हातात कार्ड असले तर वर्षअखेरीस त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: देव खोटा मानायचा, की आपला विश्वास उणा मानायचा. त्याच्या हातात पूर्ण अध्याय असला तर तिसरी वाट दिसते. हित सत्तर वर्षांचेही असू शकते, आणि तोवर बाग लावायची असते. एकाच वचनाने एक माणूस खचतो आणि दुसरा उभा राहतो. दोघांमधला फरक आजूबाजूच्या वीस ओव्यांचा आहे. शिवाय ध्यानात घ्यावे की हनन्याचा निरोप अधिक गोड होता, अधिक जवळचा होता, आणि देवाच्याच नावाने दिला होता. त्याला कार्डावर जागा मिळाली असती.

यापेक्षाही स्पष्ट पुरावा शुभवर्तमानात आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि खाली उडी टाक म्हणतो. तेव्हा तो आपल्या मनचे बोलत नाही, शास्त्र काढतो. 91व्या स्तोत्रातले वचन, देवदूत तुला हातांवर झेलतील असे सांगणारे. वचन खरे आहे, ते स्तोत्रात आहे, आणि आपल्या घरांत आजारपणात आणि प्रवासाला निघताना तेच स्तोत्र सर्वांत जास्त वाचले जाते. प्रभूने ते वचन खोडून काढले नाही. त्याने दुसरे शास्त्र पुढे ठेवले. तिन्ही परीक्षांना त्याने दिलेली तिन्ही उत्तरे अनुवाद या एकाच पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. इस्राएलाच्या चाळीस वर्षांच्या रानातल्या भटकंतीचा हिशेब ज्या पानांत मांडला आहे, ती ही पाने. चाळीस दिवस रानात उपाशी राहिलेल्या माणसाच्या तोंडी ती आली, कारण त्याच्याजवळ सुट्या ओव्यांचा साठा नव्हता, त्या रानाची सबंध कथा होती. एका बाजूला निवडून काढलेले वचन आणि दुसऱ्या बाजूला मुरलेला ग्रंथ. माझ्या म्हणण्याला याहून मोठा आधार मी शोधणार नाही.

पहिला आक्षेप आपल्या भूमीचा आहे. हे नेमाने वाचणे, वर्षाचे कोष्टक करणे, एकट्याने पुस्तक उघडून बसणे, हे सगळे पाश्चात्त्य प्रोटेस्टंट वळण आहे आणि मिशनऱ्यांबरोबर आले, असे म्हणतात. कोष्टके पश्चिमेकडून आली हे खरे. 1549च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात जुना करार वर्षातून एकदा आणि स्तोत्रे दर महिन्याला वाचून होतील अशी योजना होती. स्कॉटलंडमध्ये डंडीच्या रॉबर्ट मरे मॅकचेनने 1842 साली आपल्या मंडळीसाठी केलेले कोष्टक आजही जगभर चालते. पण नेमाने आणि क्रमाने वाचणे ही आपल्याकडे परकी गोष्ट आहे असे हातकणंगल्यात बसून कोणी म्हणावे, याचे नवल वाटते. शेजारच्या शिरोळ तालुक्यात नरसोबावाडीला गुरुचरित्राचे सप्ताह चालतात. सात दिवसांत कोणत्या दिवशी किती अध्याय हे ठरलेले असते आणि वाचणारा त्यातला एकही गाळत नाही. गावोगाव ज्ञानेश्वरीची पारायणे होतात. तिथे बारावा अध्याय गोड म्हणून तेवढाच वाचला आणि उठलो, असे कोणी करत नाही. संध्याकाळी देवळात हरिपाठ पहिल्या अभंगापासून शेवटापर्यंत म्हटला जातो. आपल्याच तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबली आहे, आणि जैन श्रावकाच्या रोजच्या सहा कर्तव्यांत स्वाध्याय, म्हणजे शास्त्राचे वाचन-मनन, देवपूजा आणि दान यांच्या पंक्तीला बसवले आहे. पारायण आणि ख्रिस्ती शास्त्रवाचन यांच्या धारणा वेगळ्या आहेत, फळाच्या कल्पनाही वेगळ्या. परंतु ग्रंथ आपल्या सोयीने फाडून घ्यायचा नसतो, त्याच्या चालीने चालायचे असते, ही शिस्त या मातीतल्या शेजाऱ्यांना आपल्याआधी शेकडो वर्षे ठाऊक होती.

मराठीत बायबलाची पहिली मोठी मांडणीही क्रमाचीच आहे. 1616 साली राचोलला छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण सुमारे 11 हजार ओव्यांचे आहे. त्यात सृष्टीच्या निर्मितीपासून आरंभ करून पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्ताची कथा सांगितली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना चार बोधवचने पाठ करून देणे त्यांना सोपे होते, पण त्यांनी आदामापासून सुरुवात केली. पुढे 1811 साली सेरामपूरहून विल्यम केरींचा मराठी नवा करार निघाला. कोल्हापुरात 1852 साली रॉयल गूल्ड वाइल्डर आले, 1870 साली ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि शाळा, मंडळ्या, मग 1894 साली मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय, असा या पट्ट्याचा ख्रिस्ती इतिहास उभा राहिला. या पट्ट्यातल्या मंडळ्यांत पुष्कळ कुटुंबे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली होती, आणि तिथल्या माणसांना वेद तर सोडाच, गावच्या चावडीवरचा कागदही वाचू दिला जात नव्हता. त्यांच्यात अक्षर आले ते पुष्कळदा या ग्रंथाच्या निमित्ताने. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना बायबलबाई घरी येऊन वाचून दाखवी. म्हणून रोज बायबल वाचणे ही शिकल्या-सवरल्यांची चैन आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा नजरेखालून घालावा. ऐकणे हेही वाचणेच आहे, आणि मंडळीच्या दोन हजार वर्षांत ग्रंथ डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त वाचला गेला आहे.

महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या ख्रिस्ती माणसांकडे या दृष्टीने पाहावे. नारायण वामन टिळकांना 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. पुस्तक त्यांना सुरुवातीला रुचले नव्हते. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून त्यांनी ते पहिल्या पानापासून धरले आणि वाचता वाचता मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनाशी, येऊन थांबले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रवचनाशी त्यांना कोणी बोट धरून नेले नव्हते. आधीच्या चार अध्यायांतून ते स्वतः चालत गेले. दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत गावोगाव फिरत, आणि रमाबाईही तेच करीत मोठ्या झाल्या. ग्रंथ आरंभापासून ऐकवायचा असतो हे संस्कार त्यांच्या रक्तात होते. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री आणि ग्रीक मुळावरून संपूर्ण बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या आणि 1924 साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. भाषांतर करणाऱ्याला काही गाळता येत नाही. गणनाच्या पुस्तकातली वंशांची मोजदाद, यहोशवातल्या शिवेवरच्या गावांची नावे, लेवीयातले त्वचारोगांचे नियम, हे सगळे दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींच्या आणि विधवांच्या त्या वसाहतीत ओळीओळीने मराठीत आले. रमाबाईंनी सोप्या ओव्यांचा एखादा सुंदर संग्रह काढला असता तर तो लवकर झाला असता, खपलाही असता. त्यांनी ते केले नाही, कारण त्यांच्या मते गरीब बाईलाही सबंध ग्रंथावर हक्क होता.

दुसरा आक्षेप याच मोजदादीच्या पानांवर बोट ठेवतो. 1,189 अध्यायांच्या या ग्रंथात होमबलींची कृती आहे, वंशावळी आहेत, मंडपाच्या पडद्यांची मापे आहेत. सकाळच्या घाईत त्याचा उपयोग काय? एक उदाहरण तपशिलाने पाहू. लेवीयाचा 19वा अध्याय हा नियमांचा ढीग आहे. दोन जातींचे बी एका शेतात पेरू नये असे त्यात आहे. त्यातच शेताची कड न कड कापू नये, सरवा वेचून नेऊ नये, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी ठेवावा असे आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असे आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये असे आहे. आणि त्याच ढिगात, 18व्या ओवीत, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. प्रभूने दोन मोठ्या आज्ञांपैकी दुसरी म्हणून उचलली ती इथूनच. लेवीय कंटाळवाणा म्हणून ज्याने सोडला त्याला ही आज्ञा आभाळातून पडल्यासारखी वाटते, आणि मग तिचा अर्थ सर्वांशी गोड बोलणे एवढाच उरतो. ज्याने तो अध्याय वाचला त्याला दिसते की प्रीतीची आज्ञा मजुरीच्या आणि सरव्याच्या आज्ञांमध्ये राहते.

पुढे चला. काही आठवड्यांनी रूथचे पुस्तक येते. मवाबी विधवा, सासूबरोबर परक्या गावात आलेली, पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. तिला तो वेचता येतो, कारण लेवीयात नियम आहे. अनुवादाच्या 23व्या अध्यायात मवाबी माणसाला मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत येऊ देऊ नये असेही आहे, आणि क्रमाने वाचणाऱ्याला तो धक्का नुकताच बसून गेलेला असतो. शेताचा मालक बवाज तिला जवळ करतो. त्याचे मन असे का, हे रूथचे पुस्तक पुरते सांगत नाही. ते मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या कंटाळवाण्या वंशावळीत सापडते: बवाजाची आई राहाब, यरीहोची कनानी वेश्या. त्याच वंशावळीत तामार आहे, उरीयाची बायको आहे, आणि त्या साखळीच्या शेवटी येशू ख्रिस्त आहे. जिथे माणसाची पत त्याच्या वाडवडिलांच्या नावांवर आणि आडनावावर ठरत आली, तिथल्या वाचकाला ही वंशावळ कोरडी वाटूच नये. परक्या आणि बट्टा लागलेल्या बायकांची नावे अभिषिक्ताच्या कुळात जाणूनबुजून लिहून ठेवली आहेत. पण हा आनंद चार पुस्तके ओलांडून आलेल्यालाच मिळतो. नुसती वंशावळ निवडून वाचणारा कोणी नसतो, आणि तिच्यावाचून डोंगरावरच्या प्रवचनाकडे धावणाऱ्याला प्रवचन करणारा कोणाचा कोण हे कळत नाही.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. यहोशवाच्या पुस्तकात नगरेच्या नगरे कापून काढली आहेत. 137वे स्तोत्र विरहाच्या अश्रूंनी सुरू होते आणि शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयीच्या भयंकर उद्गाराने संपते. हेही घरात मुलाबाळांपुढे वाचायचे का? मुलांच्या वयाचा विचार घरच्यांनी करावा. मोठ्यांनी मात्र वाचावे. त्या उद्गाराचे समर्थन मी करत नाही, आणि यहोशवातल्या संहाराचे सगळे स्पष्टीकरण माझ्याजवळ आहे असा आवही आणत नाही. सांगायचे आहे ते एवढेच की ही पाने लपवल्याने प्रश्न सुटत नाही. मुलगा कॉलेजात गेला की कोणीतरी ती त्याच्यासमोर उघडतेच, आणि मग घरच्यांनी आपल्यापासून काहीतरी दडवले असे त्याला वाटते. शिवाय ग्रंथ स्वतःशी बोलतो. नहूम निनवेच्या नाशावर आनंदतो, आणि योनाच्या पुस्तकात त्याच निनवेवर देव दया करतो व संदेष्ट्याच्या रागाला बोल लावतो. दोन्ही पुस्तके एकाच मुखपृष्ठात ठेवणाऱ्यांनी वाचकाला सूड आणि दया यांच्यामध्ये उभे केले आहे. ज्याने नुसता योना वाचला तो हळवा होतो, ज्याने नुसता नहूम वाचला तो कठोर होतो.

चौथा आक्षेप नेमावरच आहे. रोजचे ठरलेले वाचन यांत्रिक होते, तीन अध्याय उरकले म्हणजे धर्म उरकला असे वाटू लागते. हा धोका खरा आहे, आणि कोष्टके करणाऱ्यांना तो आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता. मॅकचेनने आपल्या कोष्टकाच्या आरंभीच धोके सांगितले आहेत: कोरडा उपचार, आपण धार्मिक झाल्याचा अभिमान, मन नसताना उरकणे, आणि काहींना ते ओझे होणे. त्याची मंडळी वाचू लागली आणि वर्षभरातच, 29 वर्षांचा असताना, तो वारला. इशारा देऊनही त्याने कोष्टक दिले याला कारण आहे. निवडून वाचणारा आपल्याच उपचारीपणाविरुद्धचे शब्द कधी निवडत नाही. क्रमाने वाचणारा कितीही यांत्रिकपणे वाचत असला तरी एके दिवशी यशयाच्या 58व्या अध्यायाशी येतो, आणि तिथे उपास करता करता मजुरांना राबवून घेणाऱ्यांची देव उलटतपासणी घेत असतो. एके दिवशी आमोसाच्या पाचव्या अध्यायाशी येतो, आणि तिथे देवाला सणांचा आणि गाण्यांचा वीट आलेला असतो. नेमाच्या दोषावरचा उतारा नेमाच्याच वाटेवर पडलेला आहे. ज्याच्या दारात चार माग चालतात किंवा ज्याच्या फडात टोळी उतरते, त्या ख्रिस्ती माणसाने आठवडाभर उपासनेची गीते निवडली तर कोणी अडवणार नाही. पण आमोस नेमलेला असला तर त्या सकाळी त्याला पगाराची वही आठवल्याशिवाय राहणार नाही.

राहिला शोकाचा प्रश्न. घरात माणूस गेले असताना, मिरजेच्या रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढताना, कोणी इतिहासाचे पहिले पुस्तक वाचावे असा आग्रह धरणे क्रूरपणाचे होईल. तेव्हा ओळखीच्या स्तोत्राकडेच जावे. इथे मी माझा नियम सोडतो, आणि मनापासून सोडतो. मात्र ओळखीचे स्तोत्र आधी ओळखीचे झालेले असावे लागते. 150 स्तोत्रांत आक्रोशाची स्तोत्रे जवळपास तिसरा हिस्सा आहेत. त्यांतले 88वे असे आहे की बाकीच्यांप्रमाणे ते शेवटी आशेकडे वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. सुखाच्या दिवसांत हे स्तोत्र कोणी शोधून वाचत नाही. पण ज्याच्या वर्षाच्या क्रमात ते एकदा येऊन गेले आहे, त्याला दुःखाच्या दिवशी माहीत असते की असे बोलायला पवित्र शास्त्रात जागा आहे, आणि देवाशी भांडण केल्याने आपण मंडळीबाहेर पडत नाही. अंत्यविधीला फक्त विजयाच्या ओव्या ऐकाव्या लागणाऱ्या कुटुंबाला हे कळण्याची फार गरज असते.

हे सगळे एकट्याने करायचे का, असेही विचारले जाते. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतो आहे. फिलिप्प विचारतो, कळते का? तो म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसे कळेल? दोन गोष्टी नीट पाहाव्यात. तो मोठ्याने वाचत होता म्हणून फिलिप्पाला ऐकू आले. आणि कळत नसताना तो वाचत होता म्हणून फिलिप्प आला तेव्हा विचारायला काहीतरी होते. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी अर्थ सांगत फिरतात, लोक रडतात, आणि मग त्यांना सांगितले जाते की जा, खा-प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटा पाठवा. वाचन, अर्थ आणि वाटा पाठवणे हे तिथे एका दिवसाचे काम आहे. नेमलेल्या भागाचा आणखी एक लाभ इथेच आहे. सर्वांचा भाग एक असला की बोलणे निघते. 1969च्या सुधारणेनंतर कॅथलिक मंडळीत वारांच्या वाचनाचे दोन वर्षांचे आणि रविवारचे तीन वर्षांचे चक्र चालते, त्यामुळे वसईत आणि कोल्हापुरात त्या दिवशी एकच भाग वाचला जातो. जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरावियन मंडळीने 1731पासून वर्षाची रोजची वचने छापायला सुरुवात केली, ती चिठ्ठ्या टाकून काढलेली असतात. म्हणजे तेही आपल्या कार्डांसारखेच, असे कोणी म्हणेल. पण तिथे सर्वांना त्या दिवशी एकच वचन मिळते आणि कोणालाही ते बदलून घेता येत नाही. निवड वाचणाऱ्याच्या हातात नाही, हे महत्त्वाचे.

आता या पुस्तकाविषयी. यात प्रोटेस्टंट बायबलातल्या 66 पुस्तकांचा क्रम धरला आहे. कॅथलिक वाचकांना 73 पुस्तकांपैकी उरलेली सात आपल्या बायबलातून मधे घ्यावी लागतील. रोज सकाळी जुन्या करारातले साधारण अडीच अध्याय आणि संध्याकाळी नव्या करारातला एखादा, अशी वाटणी आहे, म्हणजे 929 आणि 260 मिळून वर्ष पुरते. ज्यांच्या पाळ्या बदलतात त्यांनी सकाळ-संध्याकाळ अदलाबदल करावी. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांनी दोन वर्षे घ्यावीत, पण क्रम मोडू नये, आणि दिवस चुकला तर मागचे भरून काढायला न बसता त्या दिवसाच्या भागापासून धरावे. चिंतने सारख्या लांबीची नाहीत. रूथ आणि यिर्मया यांवर पुष्कळ लिहिले आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या नऊ अध्यायांच्या वंशावळींवर मिळून एकच पान आहे. 137व्या स्तोत्राखाली चिंतन छापलेले नाही, तिथे कोरी जागा ठेवली आहे. घरातल्या कोणी काही म्हटले तर ते तिथे लिहावे. आधी भाग वाचावा, मग चिंतन. वेळ एकाच गोष्टीला असेल तर चिंतन सोडून द्यावे.

हातकणंगले